तळघरातली तिसरी नीज

दिवा पहिल्या पायरीवर जळत होता. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पायरीपाशीही जळत होता. मौनबाबांनी साखळी आणखी सैल सोडली. दिवा तळघराच्या फरशीकडे उतरत गेला आणि फरशीपासून दोन हात उंचीवर, कुणी फुंकर न मारता, विझला. ज्योत लवली नाही की फडफडली नाही. कुणीतरी तोंडात घालावी तशी ती गेली.

"गिळला!" बाबा ओरडले. "मठवासींनी दिवा गिळला!"

वर पडक्या मठाच्या अंगणात दोन-तीनशे माणसं उभी होती. त्यांच्यातून एक हुंकार निघाला आणि भोवतालच्या झाडांत शिरला. मी गर्दीच्या मागे, मोडक्या कमानीला टेकून उभी होते. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

बाबांनी मग कोळशाचा तुकडा घेतला आणि जिन्याच्या भिंतीवर, दिवा विझला त्या उंचीला, एक आडवी रेघ ओढली. अशा रेघा तिथे पुष्कळ होत्या, काही वर, काही खाली. बाबा त्यांना मठवासींची हजेरी म्हणत. रेघ जितकी वर, तितके मठवासी जास्त. लोक जाता-येता त्या रेघांना हात लावून तो डोळ्यांना लावत.

"आता या," बाबा म्हणाले. "एकेक या. घोळका केलात तर ते कोपतात. ज्याचं मन निर्मळ, तो खाली जाऊन वाकेल आणि परत येईल. ज्याच्या मनात पाप आहे, त्याला ते तिथेच आडवं करतील."

पहिला उतरला तो घड्याळं दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, स्थूल माणूस. तो फरशीवर पोचला, समोरच्या शिळेपुढे गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं आणि उठलाच नाही. बाबांच्या दोन सेवकांनी त्याला काखेत धरून ओढत वर आणलं. चेहरा लाल, तोंड उघडं. उघड्यावर आणल्यावर तो खोकला, डोळे उघडले आणि भोवतालची तोंडं पाहून रडायला लागला.

"काय केलं होतंस, बाबा रे?" गर्दीतल्या एका बाईने त्याला दटावलं. घड्याळवाला आठवू लागला. पन्नास वर्षांच्या माणसाला आठवायला काहीतरी सापडतंच.

माझी ओळख करून द्यायची राहिली. या रानातल्या पायवाटा मी राखते. बावीस वर्षं झाली. झाडांच्या बुंध्यांवरचे लाल, पिवळे आणि निळे पट्टे मीच रंगवते. वादळात पडलेल्या फांद्या उचलते, पुलाच्या फळ्या बदलते आणि "मठाकडे ३ कि.मी." असं स्पष्ट लिहिलेल्या पाटीखाली उभं राहून मठ कुठे आहे असं विचारणाऱ्यांना मठाकडे पाठवते. रान जुनं आहे. शेकडो वर्षांपूर्वी इथे मठवासी राहत. त्यांनी बांधलेले दगडी हौद, मोडका घंटामनोरा, छप्पर गेलेली भोजनशाळा आणि धान्याची कोठारं अजून दिसतात. त्यांच्याच पायांनी पडलेल्या वाटा आम्ही आता रंगवतो. सकाळी लवकर लाल वाटेने एकटं चालत गेलं की मठ झाडांतून हळूहळू पुढे येतो, आणि इतक्या वर्षांनंतरही माझी पावलं तिथे थोडी मंदावतात.

तळघर मात्र आम्हाला ठाऊकच नव्हतं. गेल्या वर्षी वादळात एक प्रचंड झाड पडलं, त्याच्या मुळांनी एक चिणलेली भिंत उखडली आणि मागे नऊ पायऱ्या दिसल्या. दार मठवासींनी स्वतःच चिणलं होतं, आणि तेही दगडांच्या दुहेरी थरांनी. एवढा खटाटोप कुणी उगाच करत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी लांब दांड्याचा झाडू घेऊन दोन-चार वेळा खाली उतरले, पालापाचोळा काढला आणि वर आले. मला काही झालं नाही. माझा कुत्रा, त्याचं नाव साहेब, मात्र खालून तिसऱ्या पायरीवर थांबायचा, नाक आखडायचा आणि मागे फिरायचा. "भित्रा मेला," मी म्हणायचे.

आणि मौनबाबा? हे गृहस्थ गेल्या वर्षापर्यंत आमच्याच रानात वाटाडे होते. हातात पिवळी छत्री, पंधरा माणसांचा घोळका आणि तोंडाची अखंड टकळी. कुठल्याही दगडाला ते दर आठवड्याला नवा इतिहास द्यायचे. तळघर सापडल्यावर महिनाभराने त्यांनी छत्री टाकली, दाढी वाढवली, राखाडी घोंगडी पांघरली आणि मौन धरलं. म्हणजे, नाव मौनबाबा धरलं. बोलणं पूर्वीपेक्षा वाढलंच. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं, "मौन माझ्या आत आहे, लेकरांनो. बाहेर ऐकू येतं ते त्याचं भाषांतर."

मोठ्या माणसांसाठी खालची परीक्षा होती, आणि लहान मुलांसाठी नीज. आजारी मुलाला शिळेवर निजवायचं. मूल क्षणात गाढ झोपायचं. बाबा वरून आकडे मोजायचे आणि ठरलेला आकडा आला की मुलाला वर आणायचं. आजार खालीच राहायचा, म्हणे. पहिली नीज वीस आकड्यांची, दुसरी चाळीसची आणि तिसरी शंभराची. तिसऱ्या निजेपर्यंत आजवर कुणी पोचलं नव्हतं. घड्याळवाला पडला तर ते पाप, आणि मूल पडलं तर ती कृपा. पडणं दोघांचं एकच होतं, पण एवढा हिशेब गर्दीत कोण करतो?

मीही केला नाही, हे इथेच कबूल करते. मला बाबांचा राग येत होता तो तुडवलेल्या रोपांसाठी आणि वाटेवर टाकलेल्या कागदांसाठी. लोक फसतायत तर फसू देत, असं मी मनात म्हणत होते. फसणाऱ्यांत आपलं माणूस असेल, असं कधी वाटत नाही.

त्या दुपारी मी धाकट्या बहिणीकडे गेले. तिला एकच मुलगी आहे, सात वर्षांची. घरात एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. दोन वर्षांपासून तिला आकडी येते. त्या दिवशी भिंगरी खिडकीपाशी गप्प बसली होती आणि कपाळ काचेला टेकवलं होतं.

"काय गं, डोकं दुखतंय?"

"कालपासून." मग ती माझ्या कानाशी आली. "मावशी, तुला गंमत सांगू? तुझ्या रानात खाली निजलं ना, की आधी नाकात सोड्यासारखं चुणचुणतं. मग पाय कुठे गेले ते कळतच नाही."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"दोनदा."

"माझ्या रानात, आणि मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू नेऊ दिलं असतंस?" धाकटीने पदराला हात पुसले. "ताई, ऐकून घे. पहिल्या निजेनंतर अकरा दिवस आकडी आली नाही. अकरा दिवस! तुला माहितीये मी अकरा रात्री सलग झोपले? दोन वर्षांत पहिल्यांदा."

"आणि गोळ्या?"

ती ओट्याकडे वळली.

"गोळ्या बंद केल्यास?"

"बाबा म्हणाले, दोन हातांनी ओढलं तर आजार कुणाकडेच जात नाही. रविवारी तिसरी नीज आहे. ती झाली की सुटलो."

मी बरंच बोलले. आवाज चढवला, ते चुकलंच. धाकटीने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुझं पोर जमिनीवर तडफडताना तू कधी पाहिलंयस का? मग मला अक्कल शिकवू नकोस." ते मला लागलं. मी चपला घातल्या आणि सरळ दवाखाना गाठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, बोलायला तुटक. भिंगरीचं औषध त्यांच्याचकडे चालू होतं. गोळ्या बंद झाल्याचं ऐकून त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग मी निजेचं सांगितलं, तशा त्या पुढे वाकल्या.

"किती वेळात झोप लागते म्हणालात?"

"वीस मोजेपर्यंत."

"दमलेल्या बाळालासुद्धा एवढ्यात झोप लागत नाही. ती झोप नाही, ताई. ती शुद्ध जाते." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "दिवा कुठे विझतो?"

"फरशीपासून दोन हातांवर. कधी जरा वर, कधी खाली."

"आणि शिळा किती उंच?"

"वीतभर."

"म्हणजे दिवा विझतो त्याच्याही खाली मुलगी निजते. उभ्या माणसांना काही होतं?"

"नाही. मी स्वतः उभी राहिलेय." आणि मग मला साहेब आठवला. खालून तिसरी पायरी. कुत्र्याचं नाक आपल्या गुडघ्याच्या उंचीवर असतं.

त्याच्या मागोमाग अण्णा आठवले, आमचे वडील. विहिरी साफ करणं हा त्यांचा धंदा. जुन्या विहिरीत उतरण्याआधी ते दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर उतरत नसत. मग दोरीला बादली बांधत आणि रिकामी बादली खाली सोडून रिकामीच वर ओढत, काठापासून लांब नेऊन पालथी करत. पन्नास वेळा, शंभर वेळा. लहानपणी आम्ही दोघी बहिणी काठावर बसून खिदळायचो, अण्णा हवा उपसतायत म्हणून. ते खरोखरच हवा उपसत होते. हे सगळं मला पाठ होतं. पण विहीर म्हणजे विहीर आणि मठ म्हणजे मठ, असे माझ्या डोक्यात दोन वेगळे खण होते. मठाला जिना होता, दार होतं, इतिहास होता. तिथे विहिरीतली हवा असेल असं विहीरवाल्याच्या मुलीला सुचू नये, याची मला अजून लाज वाटते.

"कार्बन डायऑक्साइड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही ठिकाणी तो जमिनीच्या भेगांतून वर येतो. हवेपेक्षा जड. खोलगट जागेत पाण्यासारखा साठतो. रंग नाही, दिसत नाही. नाकात सोड्यासारखं चुणचुणतं, तुमची भाची बरोबर बोलली. त्यात दिवा विझतो आणि माणूसही. वीस आकड्यांत बाहेर काढलं तर शुद्धीवर येतो."

"आणि शंभर आकड्यांत?"

त्यांनी रानाच्या कचेरीला फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याने सांगितलं की हा श्रद्धेचा विषय आहे, लेखी द्या, सोमवारी बघू. नीज रविवारी दहा वाजता होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आभाळ भरून आलं. वारा पडला. रानात पान हलत नव्हतं. मी लाल वाटेने मठापर्यंत गेले तेव्हा तळघराच्या पायऱ्यांवर तीन मेलेले उंदीर आणि एक चिमणी पडली होती, खालून पाचव्या पायरीवर. अशी मेलेली पाखरं मी यापूर्वीही उचलली होती, आणि दर वेळी अशाच कोंदट दिवसांत. हवेचा दाब उतरला की जमिनीतली हवा जास्त वर येते, हे डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर समजावलं. मी मजबूत फळ्या ठोकून दार बंद केलं. धाकटीला सहा वेळा फोन केला. तिने उचलला नाही. घरी गेले, तर कुलूप.

रविवारी सकाळी आठला मी आणि डॉक्टरीणबाई रानाच्या तोंडाशी भेटलो. माझ्याकडे दोरी, बादली आणि मेणबत्त्या होत्या. दोन तास हाताशी आहेत अशा हिशेबाने आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर मठाच्या दिशेने हुंकार ऐकू आला. दिवा गिळला गेला तेव्हा येतो तो.

पावसाच्या भीतीने बाबांनी वेळ अलीकडे घेतली होती. आम्ही धावलो. डॉक्टरीणबाईंचा पाय मुळांत अडकला आणि त्या पडल्या. "तुम्ही जा," म्हणाल्या.

अंगणात नेहमीच्या दुप्पट माणसं होती. माझ्या फळ्या उखडून एका बाजूला रचल्या होत्या. नेहमी जिन्याच्या मध्यावर बसणारे मौनबाबा आज सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. भिंतीवरची आजची रेघ अजून ओली असल्यासारखी काळी होती आणि आजवरच्या सगळ्या रेघांच्या वर होती. लोक ती बघून हात जोडत होते. एवढी हजेरी कधीच लागली नव्हती.

आणि धाकटी जिना उतरत होती. तिच्या खांद्यावर डोकं टाकून भिंगरी.

मी गर्दीत घुसले. कुणीतरी दंड धरला, कुणी "रांगेत या, बाई" म्हणालं. बाबांनी मला पाहिलं. "ही अश्रद्ध आहे! हिला अडवा, नाहीतर पोरीची नीज बिघडेल!" एका सेवकाने माझी पिशवी ओढली, ती मी सोडून दिली. हातात पेटती मेणबत्ती तेवढी राहिली; कुणाच्या हातून हिसकावली ते आठवत नाही. बाबांना ओलांडून मी खाली उतरले.

"धाकटे, वाकू नकोस!"

ती शिळेपाशी उभी होती. तिने वळून पाहिलं. डोळे सुजलेले, चेहरा दगडासारखा. "जा ताई. शेवटचं आहे हे. होऊ दे."

"माझं ऐकू नकोस हवं तर. फक्त हे बघ." मी तिच्यापासून दोन पावलांवर थांबले. जोरात हललं तर खालची हवा ढवळून वर येईल हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पाय उचलायचीही भीती वाटत होती. मेणबत्ती मी माझ्या तोंडापाशी धरली. ती नीट जळत होती. हळूहळू खाली आणली. छातीपाशी जळत होती. कमरेच्या जरा वर आली आणि गेली.

भिंगरीचे पाय तिच्या आईच्या कमरेपाशी लोंबत होते.

"हे मठवासी नाहीत गं," मी म्हणाले. "ही अण्णांच्या विहिरीतली हवा आहे. कंदील विझला की अण्णा उतरायचे का? सांग ना. कधीतरी उतरले का? आणि तू हिचं तोंड तिथे खाली नेणार आहेस. शंभर मोजेपर्यंत."

वरून बाबांचा आवाज आला, "निजव तिला! घटका टळतेय!"

धाकटी हलली नाही. तिने माझ्या हातातल्या विझलेल्या वातीकडे पाहिलं. मग भिंगरी तिच्या खांद्यावर खोकली. बारीकसा, कोरडा खोकला. धाकटीने तिला दोन्ही हातांनी उचललं, जितकं वर उचलता येईल तितकं, स्वतःच्या डोक्याच्याही वर, आणि तशीच पायऱ्या चढू लागली. मी मागून तिच्या पाठीला हात लावला होता. त्या नऊ पायऱ्या चढायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

वर गर्दी चिडली होती. "नीज मोडली!" "आता कोप होणार!" कुणी धाकटीलाच शिव्या देत होतं. एवढ्यात लंगडत डॉक्टरीणबाई पोचल्या आणि त्यांनी भिंगरीची नाडी हातात घेतली. मी माझी पिशवी शोधली, बादलीला दोरी बांधली आणि ती जिन्यातून खाली सोडली.

"आता काय पाणी काढणार का?" कुणीतरी हसलं.

"नाही. मठवासी काढणार आहे."

बादली फरशीवर टेकेपर्यंत सोडली, हळूच वर ओढली. गर्दीला दाखवली. रिकामी. अंगणात एका सपाट दगडावर भक्तांनी लावलेल्या दहा-बारा मेणबत्त्या जळत होत्या. मी ती रिकामी बादली त्यांच्यावर, पाणी ओतावं तशी, सावकाश ओतली.

एकामागून एक सगळ्या विझल्या.

पुढच्या रांगेतल्या काही बायकांनी माझ्यापुढे हात जोडले, ते पाहून मला भोवळ यायची बाकी राहिली. "हात खाली करा!" मी ओरडले. "यात माझं काही नाही. कुणीही ओता." घड्याळवाला पुढे आला. त्याने मेणबत्त्या पुन्हा पेटवल्या, बादली स्वतः सोडली, स्वतः ओढली आणि स्वतः ओतली. मेणबत्त्या विझल्या. "म्हणजे मी काही केलं नव्हतं," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

डॉक्टरीणबाईंनी चार वाक्यांत सांगितलं. जमिनीतून जड हवा येते. ती खाली साठते. उभा वाचतो, वाकला तो पडतो. यात पाप नाही आणि पुण्य नाही.

बाबा सहजासहजी हटणारे नव्हते. "अरे, पण हवा सोडली कुणी?" ते गरजले. "हा मठवासींचा श्वासच आहे! या बायका तेच सांगतायत, फक्त शब्द वेगळे!" आणि खरं सांगते, निम्मी गर्दी मान डोलावू लागली. आता आणखी काय दाखवायचं?

तेव्हा धाकटी पुढे आली. भिंगरीला तिने माझ्याकडे दिलं होतं. ती भिंतीपाशी गेली आणि आजच्या रेघेवर हात ठेवला.

"ही रेघ तुम्ही कधी ओढलीत?"

"आज सकाळी. सगळ्यांसमक्ष."

"रेघ वर गेली म्हणून तुम्हीही वर बसलात." तिने जिन्याच्या मधल्या पायरीकडे बोट दाखवलं. "रोज तिथे बसता. आज इथे. म्हणजे कुठवर जीव जातो ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही रोज मोजत होता."

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्या घोंगडीत गेल्यापासून ते पहिल्यांदाच गप्प बसले.

"तुमचं मन निर्मळ आहे ना?" धाकटी म्हणाली. "शंभर नको. वीस आकडे. मी मोजते. निजा त्या शिळेवर."

सगळी माणसं बाबांकडे बघत होती. बाबांनी गर्दीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "पोरीच्या वेळी मी दहापर्यंतच मोजणार होतो."

त्यांना बहुधा वाटलं असावं की याने आपली बाजू सावरेल. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. ते वाक्य गर्दीच्या शेवटपर्यंत पोचलं तेव्हा लोक उठून उभे राहू लागले होते. मारहाण व्हायची वेळ आली. डॉक्टरीणबाई मध्ये उभ्या राहिल्या म्हणून टळली. बाबांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. पुढचं कोर्ट बघेल.

त्या संध्याकाळी दवाखान्यात भिंगरी बाकावर पाय हलवत बसली होती. धाकटीने पर्समधून एक वही काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. आकडी कधी आली त्या तारखा त्यात होत्या.

"पण ते अकरा दिवस?" ती म्हणाली. "ते तर खोटे नव्हते ना?"

डॉक्टरीणबाईंनी वही उलटी चाळली. मागच्या उन्हाळ्यात तेवीस दिवसांचं अंतर होतं. त्याआधी एकदा सतरा, एकदा चौदा. "आणि नीज दिल्यावर हे अकरा. हे अंतर कमी-जास्त होतच असतं," त्या म्हणाल्या. "तेवीस दिवस कुणाच्या नावावर जमा झाले नाहीत, म्हणून तुम्हाला आठवले नाहीत." धाकटी वहीवर डोकं ठेवून रडली. आजार बरा झाला असं मी लिहिणार नाही, कारण तो झालेला नाही. गोळ्या बदलल्या, आकड्या कमी झाल्या. अधूनमधून येतात.

कचेरीने अखेर सोमवार उजाडवला आणि तळघराला लोखंडी जाळी बसवली. तरी लोक येतात. एक गृहस्थ तर बाटली घेऊन आले होते, "ताई, थोडी भरून द्या, घरी शिंपडतो," म्हणत. बाबा गेले, आता हवेलाच बाबा करायला निघाले. राग येतो, हसूही येतं, आणि काही वेळा नुसती भीती वाटते, कारण जाळी एका जागी बसवता येते, अशी खोली मात्र कुठेही निघू शकते.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. कुणी अद्भुत काही दाखवलं तर जरूर बघा, पण दाखवणारा स्वतः कुठे उभा आहे तेही बघा. जे तुमच्या लेकराला करायला सांगतो ते तो स्वतः करेल का, हे त्याला तोंडावर विचारा. विचारल्याने कुणाचाही कोप होत नाही. झालाच, तर तो कुणाला आणि का होतो ते बघून ठेवा.

गेल्या रविवारी एक तरुण बाई आजारी मूल घेऊन जाळीपाशी बसली होती. मी समजावलं, डॉक्टरीणबाईंनी छापलेला कागद दिला. ती हलेना. "तुम्हाला नाही कळायचं," म्हणाली. मग धाकटी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. सुट्टीच्या दिवशी ती आता माझ्याबरोबर रानात येते.

"मी माझी मुलगी त्या शिळेपर्यंत नेली होती," ती म्हणाली. "वाकायचं तेवढं बाकी होतं. मला कुणीतरी आधी सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. तू ऐक."

त्या बाईने जाळीतून खाली पाहिलं. मग तिने मुलाला कडेवर घेतलं आणि दवाखान्याची वाट कोणती, ते मला विचारलं.